टाकीतलं पाणी

पाण्यावर पोट असून पाण्याचा इतका संशय घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुंजाराम पगारे धरणाच्या पाण्यात होडी चालवायचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्याच्या चहूकडे पाणीच पाणी. पण पेट्रोलच्या टाकीजवळ कुणी ओला हात नेला की हा शांत माणूस एकदम उखडायचा. "हात पुसा आधी!" मग समोर होडी कमिटीचे अध्यक्ष असोत, मी असो, नाहीतर त्याची बायको असो.

मी तेव्हा तळवाडीला सरकारी नर्स होते. मूळची पंचवटीतली. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठावर लहानाची मोठी झाले, पण पोहायला काही शिकले नाही, आणि नेमकी नोकरी मिळाली ती अशी की माझी निम्मी गावं पाण्यापलीकडे. घोटीपासून आत धरण झालं तेव्हा जुनी तळवाडी बुडाली आणि गाव टेकाडावर सरकलं. पूर्वी ओढा ओलांडला की पिंपळमाळ यायचं. आता मधे एवढं पाणी पसरलं की पलीकडचा माणूस दिसे, पण ओळखू येत नसे. रस्त्यानं जायचं तर घोटीला वळसा, म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. त्यामुळे मी लशींचा डबा मांडीवर घेऊन पुंजारामच्या होडीत बसायची आणि डोळे घट्ट मिटून घ्यायची. तो हसायचा.

"सिस्टर, डोळं मिटून पानी कमी व्हत नाय."

मी त्याला चांगली फटकारायची, पण डोळे काही उघडायची नाही.

त्याचा बाप जुन्या तळवाडीचा येसकर, वेशीची राखण करणारा. बौद्ध झाल्यावर बापानं येसकरकीची काठी चुलीत घातली आणि पोराला सांगितलं, गावकीचं काम तुझ्या वाट्याला येता कामा नये. पुंजाराम मोठा होऊन नाशकाला गेला आणि तिथल्या द्वारका चौकात एका पेट्रोल पंपावर लागला. जमिनीतल्या टाकीत लांब पट्टी सोडून माल किती आणि तळाला पाणी किती, हे बघायचं काम त्याच्याकडे होतं. पट्टीच्या टोकाला एक मलम लावायचं, आणि पाणी लागलं की त्याचा रंग बदलायचा. हे तो मला इतक्यांदा सांगे की मला त्या मलमाचा राग यायला लागला होता. पुढे आई अंथरुणाला खिळली म्हणून तो परत आला आणि वल्ह्याची होडी हाकू लागला. काही वर्षांनी दोन्ही गावांनी मिळून मुंबईकडून एक जुनं मशीन आणवलं. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं, पंखा पाण्यात सोडायचा, दोरी ओढली की चालू. ते चालवणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी पुंजारामकडे पाहिलं, कारण पेट्रोलशी ओळख असलेला गावात तो एकटाच होता.

आणि मग त्याचं सोवळं सुरू झालं. मी त्याला सोवळंच म्हणायची. पेट्रोलचं पिंप इतर लोक सरळ उभं ठेवतात. हा ते बुडाखाली दगड सरकवून तिरकं ठेवायचा. आमच्याकडचा पाऊस चार महिने उसंत देत नाही. सरळ उभ्या पिंपाच्या डोक्यावर त्या पावसाचं पाणी साचतं. "दिवसा पिंप तापतं, रातीला गार व्हतं. गार झालं की श्वास आत वढतं, आन् डोक्यावरचं पानी पिऊन टाकतं," असं तो सांगायचा. होडीतली टाकी संध्याकाळी काठोकाठ भरून ठेवायची, नाहीतर रिकाम्या जागेत आतून दव धरतं. टाकीत पेट्रोल ओतताना नरसाळ्यात मऊ कातड्याचा तुकडा घालायचा. तो आधी पेट्रोलात भिजवला की पेट्रोल खाली उतरतं आणि पाणी वर अडून राहतं. सकाळी पहिल्या खेपेआधी टाकीच्या तळचं थोडं पेट्रोल लोणच्याच्या काचेच्या बरणीत काढायचं आणि उन्हात धरून बघायचं. पेट्रोल तांबूस, पाणी पांढरं. पाणी असलं तर तळाशी बसलेलं लगेच दिसे.

त्या कातड्यावरून त्याची बायको सिंधुबाई त्याला छळायची. "सासऱ्यांनी मेल्या ढोराचं कातडं सोडलं, गावाशी भांडून सोडलं. आन् ह्यो बघा, रोज कातडं धुवत बसलाय."

"आगं, हे बाजारातून इकत आनलंय."

"मंग काय झालं? कातडंच ना?"

एकदा मीही विचारलं, की बाबा, एक थेंब गेला तर असं काय आकाश कोसळतं? त्यानं मला समजावलं. पाणी जड, ते टाकीत तळाला जाऊन बसतं, आणि मशीन ओढतं तळाचंच. पाणी जळत नाही. मशीन खोकतं आणि मरतं, आणि मरतं ते मधोमध, कारण काठाजवळ असेपर्यंत नळीतलं चांगलं पेट्रोल पुरतं. मग तो हसून म्हणाला, "आमच्या हातचं पानी गावाला चालत नव्हतं, सिस्टर. आता माझ्या मशीनला गावाचं पानी चालत नाय." मलाही हसू आलं, आणि हसल्यावर जरा लाजही वाटली.

आता धोंडाबाईबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट घडलीच नसती. धोंडाबाई म्हणजे होडी कमिटीचे अध्यक्ष खंडेराव यांची आई. पंच्याहत्तरीच्या पुढची, वाकलेली, पण जिभेला कसलाही बाक नाही. तिची एकुलती एक लेक, लंकाबाई, पिंपळमाळला दिलेली. धरण भरलं आणि मायलेकींची ताटातूट झाली. वल्ह्याच्या होडीत बसायला म्हातारी घाबरायची, ती हलते म्हणून. मशीन आल्यावर मात्र ती दर बाजारी लेकीकडे जाऊ लागली. तिला ते मशीन म्हणजे घरचं वासरू वाटायचं. होडीत चढताना त्याच्यावरून हात फिरवायची, उतरताना कानशिलावर बोटं मोडायची.

"पुंजा, हे खातं कुठून रे?"

"हितून, आजी." त्यानं टाकीचं झाकण दाखवलं. "पेट्रोल."

"गुनाचं हाय गं बाई माझं," म्हातारी म्हणाली.

हीच धोंडाबाई एके काळी पुंजारामच्या बापाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. होडीत ती पुंजारामला खेटून बसे, पण त्याच्या घरी तिनं कधी घोटभर चहा घेतला नव्हता. माझ्या मते तिला ते वाईट वाटत नव्हतं आणि चांगलंही वाटत नव्हतं. कधी तसा विचारच तिच्या मनात आला नसावा.

त्र्याऐंशी सालचा दसरा. दसऱ्याला गावात बैलगाडी, नांगर, सायकल, जे काही चालतं त्याची पूजा. मशीन आल्यापासून त्याचीही पूजा ठरलेली. पुंजाराम पूजा करत नसे, पण गावाच्या पूजेला त्याची ना नसे. सकाळची खेप झाल्यावर तो मशीन काढून काठावर फळीवर मांडून ठेवायचा, शेजारी टाकी, आणि पांढरे कपडे घालून वस्तीतल्या विहारात वंदनेला जायचा, कारण त्याच दिवशी त्याच्या लोकांचा धम्माचा दिवस. गाव येऊन झेंडूच्या माळा घालून जाई. दुपारी हा परत येऊन माळा बाजूला सारून मशीन जोडी. सगळं गुण्यागोविंदानं चालायचं.

त्या दुपारी मात्र घाई झाली. खंडेरावांच्या मुलीला बघायला पलीकडचे पाहुणे आले होते. जेवणं झाली, पसंतीचं बोलणं निघालं, आणि ऊन उतरायच्या आत पाहुण्यांना पोचवायचं होतं. खंडेराव स्वतः फेटा बांधून होडीत बसले. मलाही पलीकडे एका बाळंतिणीकडे जायचं होतं. पुंजाराम वंदनेहून धावत आला. तळचं पेट्रोल त्यानं सकाळीच पाहिलं होतं, टाकी बरीचशी भरलेली होती, झाकण लावलेलं होतं. त्यानं नळी जोडली आणि दोरी ओढली.

मधोमध मशीन खोकलं. पुन्हा खोकलं आणि थांबलं. मी डोळे उघडले. त्या नोकरीत मी होडीत डोळे उघडले ते त्याच दिवशी. वारा सुटलेला होता, होडी आडवी फिरली आणि बुडलेल्या गावच्या आंब्याच्या खोडावर जाऊन घासली. फळी उचकटली, पाणी आत आलं. पुंजारामनं फटीत स्वतःचा पांढरा सदरा कोंबला, वल्हं घेतलं आणि आम्हाला तळवाडीच्या काठाला परत आणलं. जीव कुणाचा गेला नाही. पण पाहुणे मांड्यांपर्यंत भिजले होते, नवऱ्या मुलाच्या चुलत्याचा जोडा वाहून गेला होता, आणि नको त्या वेळी मला हसू येईल की काय अशी भीती वाटत होती.

काठावर गाव जमलं होतं. पुंजारामनं बनियनवरच टाकीचं तळचं पेट्रोल बरणीत काढलं. आपली चूक आहे का हे त्याला सगळ्यांदेखत बघायचं होतं. बरणीत खाली चार बोटं पाणी होतं.

खंडेराव तापलेलेच होते. घरची अब्रू पाण्यात गेली होती. "चार बोटं पानी!" ते म्हणाले. "टाकीला हात कुनाचा लागतो? याचाच ना? पेट्रोल इकलंस आन् भरतीला पानी घातलंस! चोर! चोर हायेस तू!" त्यांचा आवाज गावात प्रसिद्ध होता. पलीकडे पाहुण्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसं उठून उभी राहिलेली आम्हाला दिसली.

पुंजाराम बरणीत बघत होता. त्यानं दोन बोटं आत घातली, काहीतरी उचललं आणि मुठीत धरलं. मी शेजारीच होते. मला दिसलं. तुळशीचं पान होतं.

मशीन, टाकी आणि ती बरणी खंडेरावांनी घरी नेली. पुंजारामला होडीवर यायची बंदी झाली. दुसऱ्या दिवशी मी तणतणत त्याच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता, आणि सिंधुबाई आत भांडी आपटत होती.

"मशीनपाशी तांब्याचा गडू पडला व्हता," तो हळूच म्हणाला. "डाग लावून बंद केलेला, तो फोडलेला. कुंभमेळ्यातून आनलेला तसा गडू गावात एकीकडंच हाय."

मलाही तो गडू माहीत होता. धोंडाबाईच्या उशाशी असायचा. मरताना तोंडात घालायला जपून ठेवलेलं गंगाजळ. मी तिचा रक्तदाब बघायला जायची तेव्हा ती तो मला कौतुकानं दाखवायची. ते पाणी तिनं दसऱ्याला आपल्या वासराला पाजलं होतं, वर तुळशीचं पान ठेवून, त्याचं तोंड उघडून.

"मग सांग की गावाला!" मी म्हणाले. "पान दाखव."

"काय सांगू? खंडेराव म्हनंल, चोरी करून वर आमच्या गंगाजळावर घालतोय. तुळशीवर घालतोय. मंग भांडान माझं एकट्याचं ऱ्हायचं नाय, समद्या वस्तीचं व्हईल. आन् म्हातारीचं काय? तिनं लेकरावानी पाजलंय त्याला."

आतून सिंधुबाई बाहेर आली. "म्हातारीची दया येती. मपल्या पोरींची नाय येत? नळावर गेल्या तर बाया म्हनत्यात, पेट्रोलवाल्याच्या पोरी आल्या."

पुंजाराम मान खाली घालून बसला. "मी चोर नाय हे मला ठावं हाय," तो म्हणाला. पण माणसाला तेवढं पुरत नाही. त्यालाही पुरत नव्हतं. एरवी पेट्रोलचा वास येणारे त्याचे हात त्या दिवशी स्वच्छ होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. त्यानं मला बोलणार नाही म्हणून शब्द द्यायला लावला. मी दिला, आणि घरी जाऊन स्वतःच्या तोंडाला शिव्या घातल्या.

पुढचे दिवस खंडेरावांच्या पुतण्यानं फळी ठोकून घेऊन होडी वल्हवली. तो होडी नेई कुठं आणि ती लागे कुठं. पलीकडची भाजी बाजाराला पोचेपर्यंत सुकायची. शेवटी नवा होडीवाला नेमायला काठावरच बैठक बसली. पुंजारामलाही बोलावलं, सगळ्यांसमोर काढून टाकायला. तो आला. त्याच्या मागे थोडं अंतर ठेवून सिंधुबाई उभी राहिली. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

खंडेरावांनी ती बरणी मधे आणून ठेवली. त्याच वेळी धोंडाबाई काठी टेकत खाली आली, कारण नवा होडीवाला आला की मशीन सुरू होऊन लेकीकडे जाता येईल, असं तिला वाटत होतं. तिला एवढंच माहीत होतं की पुंजानं पेट्रोल विकलं. बाकी तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हातारीला कोण काय सांगतं?

"ही बघा बरनी," खंडेराव म्हणाले. "पेट्रोलात पानी. पानी पोटात गेलं की मशीन मरतं, हे यानंच आपल्याला शिकवलं. आन् यानंच घातलं."

धोंडाबाई पुढे आली. "पान्यानं मरतं?"

"व्हय, आई. तू बस."

"कसलं बी पानी? गंगंचं बी?"

म्हातारीनं बरणीकडे पाहिलं, मग पुंजारामकडे.

"मंग मीच पाजलं," ती म्हणाली. "दसऱ्याला. समदे माळा घालून गेले, कुनी त्याच्या तोंडात काय घातलं नाय. मला बरं वाटंना. त्याच्यापायी मला माझी लेक दिसती. म्हनून घरातलं गंगाजळ आनलं. गडूभर पाजलं, वर तुळस ठिवली."

मागून कुणीतरी म्हणालं, "तोंडात गंगाजळ आन् तुळस घातल्यावर मरंल न्हाय तर काय?" आणि सगळे फसकन हसले. मीही हसले. खंडेराव हसले नाहीत.

"आगं आये, ते तुला ठिवलं व्हतं ना? आता तुझ्या तोंडात काय घालायचं?"

"साधं पानी घाला," म्हातारी म्हणाली. "पुंजा घालंल त्याच्या हातानं. ह्यानं पान पाहिलं असंल बरनीत, आन् माझं नाव घेतलं नाय. घेतलं व्हतं का रे कुनापाशी?"

पुंजारामनं नुसती नाही म्हणून मान हलवली. त्याच्या हातानं पाणी घ्यायची गोष्ट त्या काठावर एवढ्या माणसांत याआधी कुणी काढली नव्हती, आणि ती काढून म्हातारी निवांत दगडावर बसली.

खंडेराव खाकरले. "बरं, झालं गेलं. उद्यापासून मशीन घेऊन जा, पुंजाराम." आणि ते उठू लागले. बाकीचेही धोतर झटकून उठू लागले. आमच्या गावाची ही जुनी रीत. चूक झाली की उठून घरी जायचं.

"बसा, दादा," पुंजाराम म्हणाला.

मी त्याचा आवाज इतका वर चढलेला कधी ऐकला नव्हता. खंडेराव अर्धवट वाकलेले तसेच राहिले.

"मला चोर म्हनलात तवा तुमचा आवाज पार पलीकडं गेला व्हता. पिंपळमाळच्या मानसांनी उभं राहून ऐकलं. आता मी चोर नाय, हे बी तेवढ्याच आवाजात म्हना. मंग मी मशीनला हात लावीन."

"आरं, आता समद्यांना कळलंय ना..."

"हितल्यांना कळलंय."

खंडेराव सभोवार बघू लागले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा तापणार, आणि सगळं मोडणार. त्यांची मान लाल झाली होती. मग दगडावरून म्हातारी म्हणाली, "म्हन की. ढोरं हाकताना तर लय वरडायचा."

खंडेराव पाण्याच्या कडेला गेले. जोडे ओले झाले तरी पुढे गेले. पलीकडे बाजाराला निघालेली माणसं पाट्या घेऊन होडीची वाट बघत बसली होती. खंडेरावांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"पुंजाराम चोर नाय! ऐकलं का? पुंजाराम पगारे चोर नाय!"

आवाज पाण्यावरून गेला. पलीकडे कुणीतरी उठलं. मग वाऱ्यावरून एका बाईचा आवाज आला, बहुतेक लंकाबाईचाच.

"आमाला ठावं हाय! त्याला धाडा आधी, समदी भाजी वाळली!"

काठावर हसण्याचा गलका उडाला. पुंजाराम मात्र वळून सिंधुबाईकडे बघत होता. इतके दिवस जिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ती बाई तिथंच खडकावर मटकन बसली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. तिला कुणी गप्प बस म्हटलं नाही.